समुद्राकडेचे कडे का ढासळतात? सड्यावर राहणाऱ्यांचे आणि खाली पुळणीवर बसणाऱ्यांचे प्रश्न

मिरग लागला की बातम्यांत घाटातल्या दरडी येतात. समुद्राच्या बाजूच्या कड्यांची आठवण मात्र एखादा कठडा किंवा पायवाट खाली गेल्यावरच होते. सड्यांच्या, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळी पठारांच्या, टोकाला बंगले, होमस्टे आणि ‘सी व्ह्यू’ प्लॉट वाढले तसे प्रश्नही वाढले. सारखे कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं शक्यतो कोकण-गोव्याकडची आहेत. जिथे पडझडीची नीट मोजणी झाली आहे अशी काही परदेशातलीही आहेत.

कडा समुद्र खातो. मग सगळे पावसाचं आणि पाण्याचं काय घेऊन बसतात?

समुद्राचं काम दोन प्रकारचं असतं. उधाणाच्या लाटा कड्याच्या पायाशी आपटतात, मऊ थर पोखरतात आणि पायात खोबण पाडतात. हे सगळ्यांना दिसतं. दुसरं काम झाडूवाल्याचं. वरून पडलेली माती, दगड समुद्र ओढून नेतो. डोंगरात दरड कोसळली की मलबा पायथ्याशी साचतो, उताराला टेकू मिळतो आणि डोंगर काही काळ शांत होतो. समुद्राकाठी हा टेकू टिकत नाही. दर पावसाळ्यात पाया पुन्हा उघडा पडतो, त्यामुळे कडा कायम उभाच्या उभा राहतो.

पण उभा कडा म्हणजे पडणारा कडा नव्हे. तो आज पडणार की तीस वर्षांनी, हे बहुतेक वेळा मागच्या बाजूने, म्हणजे जमिनीकडून येणारं पाणी ठरवतं. आळ समुद्रावर येतो, कारण तो समोर दिसतो. आतलं पाणी कुणाला दिसत नाही.

जांभ्याच्या चिऱ्यांची घरं शंभर वर्षं उभी आहेत. मग त्याच जांभ्याचा कडा कसा पडतो?

चिरेखाणीत उभं राहून पाहिलंय का? खाणीतून नुकता निघालेला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो. काही महिने ऊनवारा खाल्ला की तोच दगड घट्ट होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं, तेही केरळात अंगाडीपुरमला लोक तो विटेसारखा कापतात हे बघूनच. ‘लॅटर’ म्हणजे लॅटिनमध्ये वीट.

आता हाच दगड कड्यावर बघा. मूळचा काळा कातळ लाखो पावसाळ्यांत धुपत गेला, विरघळणारं सगळं निघून गेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली, तो जांभा. हवेशी संबंध येणारा वरचा थर कडक झाला. खाली मात्र अर्धवट कुजलेला खडक आहे. पांढरट, गुलाबी, कुठे जांभळट चिकणमाती, बोटाने दाबली तर दबते आणि ओली असेल तर शाडूसारखी हाताला लागते. सगळी गोम या दोन थरांच्या जोडीत आहे. टेबलाचा माथा सागवानी असला तरी पाय साबणाचे असावेत, असा प्रकार.

जांभा भोकाभोकांचा असतो. पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली जातं, चिकणमातीपर्यंत पोचतं आणि तिथे अडतं. मग ते आडवं चालतं आणि कड्याच्या तोंडातून बाहेर येतं. हे ठिकाण ओळखायला यंत्र लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सगळा कडा तांबडा-काळा कोरडा पडलेला असताना मध्येच एक आडवी हिरवी पट्टी दिसते. नेचे, शेवाळ, एखादं उंबराचं रोप. तीच झऱ्यांची रेघ. तिच्या वर जांभा आणि खाली माती.

पावसाळ्यात त्याच रेघेवर उपळे फुटतात. प्रत्येक उपळा थोडी-थोडी माती घेऊन बाहेर येतो. माती मागे सरते, जांभा छज्जासारखा पुढे राहतो. जांभ्यात उभ्या सांधी असतातच. एक दिवस मागची सांध उघडते आणि अख्खा ठोकळा खाली येतो. जांभ्याचं वजन घनमीटरला साधारण दोन टन धरलं तर दोन मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा सोळा टनांचा झाला. कुठल्याही सड्याखालच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, घरांएवढे धोंडे पसरलेले असतात. आपण त्यावर बसून फोटो काढतो. ते तिथे वरूनच आलेले असतात.

असं फक्त आपल्याकडेच होतं?

नाही. केरळातल्या वर्कलाचा कडा बघितला असेल तर हेच चित्र तिथे पुस्तकातल्या आकृतीसारखं दिसतं. वर जांभा, खाली वाळूखडक आणि चिकणमाती, मधून झरे, आणि काठावर उपाहारगृहांची रांग. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवारशाचा दर्जा दिला आहे, आणि २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेला. त्याच वेळी आपली पाचगणी-महाबळेश्वरची दख्खनची पठारंही त्या यादीत गेली. रत्नागिरीकडेही विहिरी खणताना जांभ्याखाली काळपट चिकणमाती आणि लिग्नाइट (तपकिरी, कच्चा कोळसा) लागल्याच्या जुन्या नोंदी आहेत. वर्कलाच्या कड्यातही लिग्नाइट सापडतो.

पाणी आत जाऊन नेमकं करतं काय? वंगणासारखं निसरडं करतं ना?

सगळे असंच समजतात. मीही बरीच वर्षं हेच समजत होतो. पण खरी गोष्ट स्वयंपाकघरात दिसते. गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की ती कुणी न ढकलता आपोआप सरकते. वाटीच्या बुडाच्या कडेखाली पाण्याचा पडदा असतो, आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि वाटी किंचित उचलली जाते. वाटीचं वजन ओट्यावर न पडता त्या कोंडलेल्या हवेवर पडतं. घर्षण संपतं आणि वाटी निघते.

कड्यात हवेच्या जागी पाणी असतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरल्या की ते पाणी दाबाखाली येतं आणि वरच्या थराचं थोडं वजन स्वतः पेलतं. जेवढं वजन पाण्यावर, तेवढी कणांची एकमेकांवरची पकड कमी. म्हणून निचरा मिळाला तर भिजलेला कडा उभा राहतो आणि तोंड बुजलेला, पाणी कोंडलेला कडा जातो. शिवाय उभ्या भेगेत पाणी भरलं की ते भेगेच्या दोन्ही भिंती ढकलतं, ते वेगळंच.

पाण्याचं नुसतं वजनही कमी नाही. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर, १० टन. रत्नागिरीत हंगामाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे गुंठ्याला ३०० टन. त्यातलं बरंच वाहून जातं, पण जांभ्यावर वाहतं कमी आणि मुरतं जास्त.

एवढा पाऊस पडतो तर आपले कडे रोज का पडत नाहीत?

चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर इंग्लंडमधून देतो.

यॉर्कशरमधल्या स्कारबरोला समुद्राकडे तोंड करून होलबेक हॉल नावाचं हॉटेल होतं. कडा ६० मीटर उंच, बर्फयुगातल्या हिमनद्यांनी टाकलेल्या मातीचा. ३ जून १९९३ च्या रात्री हिरवळ खचायला लागली. पाहुणे सकाळच्या न्याहारीच्या सुमारास बाहेर काढले गेले, आणि ५ तारखेपर्यंत हॉटेलचा पुढचा भाग कड्यावरून गेला. सुमारे दहा लाख टन माती सरकली होती. कड्याची कड एका दमात ७० मीटर मागे आली आणि खाली समुद्रात मातीचं अर्धगोल भूशिर तयार झालं. जीवितहानी झाली नाही.

त्याआधीच्या दोन महिन्यांत तिथे पडलेला पाऊस होता सुमारे १४० मिलिमीटर. आपल्याकडे जुलैत एका दिवसात एवढा पडला तर शाळेला सुट्टी मिळेल, इतकंच.

मुद्दा हा की किती पाऊस पडला यापेक्षा त्या जागेला किती पावसाची सवय आहे हे महत्त्वाचं. कोकणातले उतार हजारो वर्षं या पावसात भिजत आलेत. जे टिकणार नव्हते ते केव्हाच गेलेत. उरलेल्यांत पाणी बाहेर काढायच्या वाटा तयार झाल्या आहेत. दोन गोष्टींनी हे गणित बिघडतं. नेहमीपेक्षा फार मोठा पाऊस एकदम पडतो, किंवा आपण त्या वाटा बुजवतो. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही.

वाटा कशा बुजतात?

सड्यावर जेसीबी फिरवून प्लॉट सपाट केला, निघालेली माती कडेवरून खाली लोटली: झऱ्यांची तोंडं बंद. पावसाळी पऱ्या (ओहोळ) आडवा येत होता म्हणून त्यावर भराव घातला: ते पाणी आता जमिनीखालून जाणार. कड्याच्या तोंडाला सिमेंटचा लेप देऊन ‘मजबूत’ केलं आणि पाणी निघायला पाइप ठेवले नाहीत: पाणी आत कोंडलं. प्रत्येक काम करणाऱ्याला आपण सुधारणा करतोय असंच वाटत असतं.

माझ्या घराचं सांडपाणी ते केवढंसं असणार?

हिशेब करू. शहरी मापाने माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांचं ६७५ लिटर. वर्षाचं जवळपास २ लाख ४६ हजार लिटर. हे सगळं एका गुंठ्यातल्या शोषखड्ड्यात गेलं तर तो गुंठाभर २,४०० मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे तुम्ही त्या जागेला दुसरा पावसाळा दिलात, आणि हा पावसाळा बारा महिने चालतो. कड्याला वाळायला हक्काचे आठ महिने मिळत होते, ते गेले.

होमस्टे असेल, पाहुणे दोनदा अंघोळ करत असतील, वर हिरवळीला रोज पाणी असेल, तर आकडा तुम्हीच वाढवा. स्विमिंग पूलबद्दल मी काही बोलत नाही. शोषखड्डा कड्याच्या बाजूला न घेता जमिनीकडे, जमेल तितका मागे घ्यावा आणि छपराचं पाणी पन्हळीतून पाइपने सुरक्षित जागी न्यावं. पाइप कड्याच्या तोंडावर मोकळा सोडू नये. हे पैशांपेक्षा आधी ठरवण्याचं काम आहे. बांधकाम झाल्यावर टाकी हलवायला कुणी तयार होत नाही.

काळ्या कातळाचे कडे तरी पक्के असतात का?

जांभ्यापेक्षा पक्के, पण पूर्ण भरवशाचे नव्हेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी अडकलेली असते. ती आधी झिजते. थंड होताना पडलेल्या उभ्या भेगांनी खडकाचे तुकडे तयारच असतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतात. खारं पाणी छिद्रांत सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण-कण उडवतात. तिथे मात्र कड्यापेक्षा मोठा धोका लाटेचा आहे. भरतीच्या वेळी त्या खडकावर उतरू नका.

कड्याजवळ भेगा दिसताहेत. काय करू?

पहिली गोष्ट, त्या बुजवून रंग देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका घरी दिवाळीच्या आधी अंगणातली भेग सिमेंटने भरली, पुढच्या पावसात त्याच भेगेशेजारी दुसरी पडली आणि मधल्या काळात ती किती रुंदावली हे कुणालाच सांगता येईना. होलबेकलाही मुख्य घसरणीच्या सहा आठवडे आधी कड्यावरच्या डांबरी पायवाटांना तडे गेले होते. पाणी आत जाऊ नये म्हणून ते भरण्यात आले होते.

पाणी आत जाणं थांबवायलाच हवं, पण मोजणी त्याआधी. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोका, दोहोंतलं अंतर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. भिंतीवरच्या भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, हालचाल झाली तर काच तडकते. पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. भेगेवर ताडपत्री टाका आणि वरचं पाणी चर खणून वळवा.

भेगेचा आकारही बोलतो. कड्याला समांतर, दोन्ही टोकांना समुद्राकडे वळलेली, चंद्रकोरीसारखी भेग वाईट. एका बाजूची जमीन बोटभर खाली बसली असेल तर त्याहून वाईट. दार अचानक अडकायला लागणं, गडगा (दगडी कुंपण) कलणं, झऱ्याचं पाणी गढूळ होणं किंवा एकाएकी आटणं, कड्यावरून सुटे खडे पडत राहणं, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मोजत बसू नका. माणसं आणि गुरं हलवा, मग तलाठ्याला आणि तहसीलदार कार्यालयाला कळवा. रात्री पाऊस वाढणार असेल तर दिवसाउजेडी निघा.

खाली बंधारा किंवा टेट्रापॉड (काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) टाकले की प्रश्न सुटतो ना?

अर्धा सुटतो, आणि शेजाऱ्याचा वाढतो. बंधारा पायाचं खोदकाम थांबवतो. मागून येणाऱ्या पाण्याचं तो काही करत नाही. त्यात लाट भिंतीवर आपटून परतताना समोरची वाळू ओढून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथे धूप जोर धरते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला बंधारा बांधणं, खचणं, पुन्हा बांधणं किती वर्षं चाललंय ते स्थानिकांना विचारा.

इंग्लंडच्या फोकस्टोनला रेल्वेमार्ग खडूच्या कड्याखालून जातो आणि खडूखाली गॉल्ट नावाची चिकणमाती आहे. १९ डिसेंबर १९१५ ला तिथला सगळा उतार सरकला, रूळ वाकडेतिकडे झाले, एक गाडी अडकली. मार्ग १९१९ मध्ये सुरू झाला. नंतरच्या काळात तिथे दोन उपाय जोडीने झाले: पायाशी काँक्रीटचं वजन आणि कड्याच्या आत बोगदे खणून पाण्याचा निचरा. आपल्याकडे पहिल्या उपायाला निधी मिळतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. निचऱ्याचा पाइप फोटोत येत नाही.

वाळूउपशाचा कड्याशी काय संबंध?

पुळण ही कड्याची ढाल आहे. लाटेची ताकद वाळूवर पसरताना संपते. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या हॉलसँड्स या मच्छीमार गावाची गोष्ट यासाठी सांगतो. १८९७ पासून डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीच्या कामासाठी गावासमोरून गोट्यांची रेती उपसली गेली. समुद्रच ती भरून काढील, असं गृहीत धरलं होतं. समुद्राने भरली नाही. पुळण काही मीटर खाली गेली, गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, १९०२ मध्ये परवाना रद्द झाला. पण गेलेली पुळण परत येत नाही. २६ जानेवारी १९१७ च्या वादळात जवळपास अख्खं गाव समुद्रात गेलं, राहण्याजोगं एकच घर उरलं. माणसं वाचली.

उपसा थांबल्यावर पंधरा वर्षांनी गाव गेलं. त्यामुळे ‘इतकी वर्षं काढतोय, काही झालं नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

काठावर झाडं लावली तर?

गवत, झुडपं, करवंदाच्या जाळ्या उत्तम. वरची माती धरतात, पाणी पितात. मुळं एक-दोन मीटर जातात आणि घसरणीचा पृष्ठभाग दहा मीटर खोल असेल तर तिथे त्यांचा उपयोग नाही. अगदी टोकावरचं उंच झाड वाऱ्यात हलून सांध रुंदावतं. वड-पिंपळाचं रोप भेगेत दिसलं तर लहान असतानाच काढा. मोठं झाल्यावर काढाल तर मूळ कुजून पाण्याला नळी मिळते.

सीआरझेडची परवानगी मिळाली. म्हणजे जागा सुरक्षित?

नाही. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम, आणि त्याचं मोजमाप भरतीरेषेपासून जमिनीकडे जातं. २०१९ च्या अधिसूचनेत बांधकामाला मनाई असलेला पट्टा ग्रामीण किनाऱ्याला २०० मीटर, दाट वस्तीच्या ग्रामीण भागात अटींवर ५० मीटर. तुमच्या प्लॉटखाली जांभा किती जाड आहे आणि त्याखाली काय आहे, हे ती परवानगी सांगत नाही. त्यासाठी बोअर घेऊन थर बघावे लागतात आणि भूवैज्ञानिकाला तिथे न्यावं लागतं. विहीर खणणाऱ्या जुन्या गवंड्यालाही विचारा. ‘किती हातांवर माती लागली’ हे त्याला तोंडपाठ असतं.

मग घर कड्यापासून किती लांब असावं?

सगळीकडे चालेल असा एक आकडा नाही. माझा स्वतःचा ढोबळ नियम: कड्याची जेवढी उंची, किमान तेवढं अंतर मागे, आणि खाली चिकणमाती असेल तर दुप्पट. होलबेकला ६० मीटरचा कडा ७० मीटर मागे आला होता, हे लक्षात ठेवून. दृश्य थोडं कमी दिसेल.

आम्ही फक्त फिरायला येतो. काय सांभाळावं?

कड्याच्या सावलीत बसू नका. दुपारी पुळणीवर सावली तेवढीच असते, म्हणून सगळे तिथेच चटई टाकतात. पोर्तुगालच्या अल्बुफेराजवळ मारिया लुईझा पुळणीवर २१ ऑगस्ट २००९ ला भर उन्हाळ्यात कड्याचा तुकडा पडून पाच जण गेले. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. गोव्यातलं वागातोर, हणजूण किंवा वर्कला, कुठेही असा, कड्याच्या उंचीएवढं तरी अंतर सोडा. पायाशी ताजे, लालभडक तुटलेले दगड दिसले तर आणखी लांब. जुना तुटका भाग काळा पडलेला असतो, ताजा रंगाने ओळखू येतो.

वर असाल तर काठावर पाय सोडून सेल्फी नको. तुमच्या खाली छज्जा आहे की भरीव जमीन, हे वरून कळत नाही.

भूकंपामुळे पडतात का?

पडू शकतात, पण आपल्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या पडझडीला भूकंप लागत नाही.

एकदा दरड पडून गेली की धोका संपला ना?

उलट काही काळ वाढलेला असतो. नवं तोंड अधिक उभं असतं, त्याच्यामागच्या सांधी ढिल्या झालेल्या असतात आणि ऊनवारा न लागलेला मऊ जांभा उघडा पडलेला असतो. निदान पुढचा पावसाळा जाऊ द्या.

खाली पडलेले धोंडे फोडून गडग्याला वापरले तर चालतील? फुकटच आहेत.

तिथेच राहू द्या. सध्या लाटा त्यांच्यावर आपटताहेत. ते उचललेत की कड्यावर आपटतील.